काचेच्या कपाटातला अंतराळवीर आणि पुण्याचा पावसाळा

फूटभर उंचीचा, अंतराळातला भाडोत्री सैनिक. चार पावसाळे तो काचेच्या बंद कपाटात उभा होता. गेल्या ऑगस्टमध्ये त्याचा हात जरासा वर करायला गेलो, तर काळ्या जाकिटाच्या कोपरावरून पापुद्रे सुटले आणि खालच्या पांढऱ्या फळीवर पडले. त्याला कधी ऊन लागलं नव्हतं, कुणी खेळायला घेतलं नव्हतं, कपाटाचं दार महिन्यातून एखाद्या वेळी उघडायचं. दीड वर्ष पैसे साठवून घेतलेली ती माझी पहिली मोठी ‘अ‍ॅक्शन फिगर’ होती, म्हणजे सांधे वळणारी, हौसेने जमवायची बाहुली.

त्यानंतर मी जे वाचलं, विचारलं आणि स्वतः करून पाहिलं, ते इथे मांडतो. कुठली फिगर घ्यावी हे सांगणारे पुष्कळ आहेत. ती घरी आल्यावर तिचं काय होतं, हे फारसं कुणी सांगत नाही. पण त्याआधी ही वस्तू मुळात आहे काय आणि एवढी महाग का, हे बघावं लागेल. कारण किंमत जिथून येते, तिथूनच बिघाडही येतो.

‘अ‍ॅक्शन फिगर’ हा शब्द १९६४ सालचा. अमेरिकेतल्या हॅसब्रो कंपनीने कापडी गणवेशातला, सांधे वळणारा बारा इंची सैनिक काढला. मुलगे बाहुली घेणार नाहीत अशी भीती होती, म्हणून हे नवं नाव. जपानमध्ये १९७४ साली पोपी कंपनीने ओतीव धातूचे रोबो आणले. त्या मालिकेचं नाव ‘चोगोकिन’ आजही चालू आहे. १९७७ साली ‘स्टार वॉर्स’ पडद्यावर आला तेव्हा केनर कंपनीची खेळणी नाताळापर्यंत तयारच झाली नाहीत. त्यांनी पुठ्ठ्याचं पाकीट विकलं, आत फिगर नव्हती, ती नंतर घरपोच मिळेल असं प्रमाणपत्र होतं. लोकांनी ते घेतलं. १९७८ मध्ये त्या पावणेचार इंची फिगर मुलांच्या हातात पडल्या. आज आपण वर्ष-दीड वर्ष आधी पैसे भरून नावनोंदणी करतो, त्याचं मूळ मला त्या रिकाम्या पाकिटात दिसतं.

मोठ्यांनी काचेमागे ठेवायच्या, अस्सल माणसासारख्या दिसणाऱ्या फिगरचा बाजार त्यानंतर बराच उशिरा उभा राहिला. हाँगकाँगची हॉट टॉइज कंपनी २००० सालची. थ्रीझीरोही तिथलीच. यांचा मुख्य माल १:६ या प्रमाणातला.

प्रमाण म्हणजे काय, ते समजायला दिवाळीचा किल्ला आठवा. आपण सगळ्यांनी तो केला आहे. सिंहासनावरचे महाराज बुरुजापेक्षा उंच, दारातला मावळा दाराहून मोठा, आणि शेजारी प्लॅस्टिकचा वाघ हत्तीएवढा. प्रत्येक वस्तू वेगळ्या प्रमाणातली असते, म्हणून ते दृश्य कितीही सुंदर असलं तरी खरं वाटत नाही. प्रमाण पाळायचं म्हणजे प्रत्येक गोष्टीला एकाच आकड्याने भागायचं. सहा फुटी माणसाला सहाने भागलं की एक फूट, म्हणजे सुमारे तीस सेंटिमीटर. बाराने भागलं की पंधरा. बंदाई आणि मेडिकॉम या जपानी कंपन्यांच्या फिगुआर्ट्स आणि मॅफेक्स या मालिका साधारण याच आकाराच्या. पावणेचार इंची फिगर १:१८ च्या आसपास येते. कोथरूडच्या जोशींच्या मिनिएचर रेल्वे संग्रहालयात जी गाडी धावताना बघतो, तिथे हाच भागाकार ८७ ने केलेला आहे.

आता खरी गंमत. तुम्ही १:६ ची फिगर अर्ध्या मीटरवरून बघता, तेव्हा डोळ्याच्या दृष्टीने तुम्ही खऱ्या माणसापासून तीन मीटरवर उभे असता. तीन मीटरवरून माणसाच्या दाढीचे खुंट दिसतात, डोळ्यांतली ओल दिसते, थकवा दिसतो. फिगरमध्ये ते नसलं तर मेंदू लगेच म्हणतो, बाहुली आहे. १:१२ मध्ये तेच अंतर सहा मीटर होतं आणि बऱ्याच गोष्टी माफ होतात. म्हणून चेहऱ्यावर इतका खर्च होतो. बुबुळ, त्यातली चमक, पापणीची लालसर कड, ओठांचा रंग हे सगळं थरावर थर देऊन येतं. काही छापून, काही हाताने. प्रत्येक भागासाठी पोलादी साचा लागतो, तो खोदायला लागणारा पैसा फिगर हजार विकल्या काय नि लाख विकल्या काय, तेवढाच. हजारांत विकल्या जाणाऱ्या मालावर तो जड पडतो. त्यात पात्राच्या हक्कांचे पैसे. परदेशात अशा फिगरला साधारण २५० ते ४०० डॉलर पडतात. आपल्याकडे खेळण्यांवरचं मूळ आयातशुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के झालं, २०२३ मध्ये ७०, आणि कर त्याच्यावर. नियम बदलत असतात, तेव्हा बाहेरून मागवणार असाल तर पैसे भरण्यापूर्वी चालू दर बघा. खोक्याची किंमत आणि दारात पडेपर्यंतची किंमत यांत मोठी तफावत असते.

कपड्यांचं मात्र गणित भागाकाराने सुटत नाही. कापड सहाने भागता येत नाही. वीण तेवढीच राहते, धाग्याची जाडी तेवढीच राहते. घरी बाळकृष्णाला जुन्या पैठणीच्या काठाचा अंगरखा शिवलेला असेल तर आठवा: तो अंगावर पडत नाही, छत्रीसारखा उभा राहतो. एवढ्याशा कापडाला खाली खेचायला वजनच नसतं. फिगर बनवणारे म्हणून अतिशय पातळ कापड घेतात, झग्याच्या काठात बारीक तार घालतात, आणि चामड्याच्या जागी पातळ रेक्झिन वापरतात. खरं चामडं या प्रमाणात फार जाड दिसतं.

इथेच माझं जाकीट गेलं.

या फिगरवरचं रेक्झिन म्हणजे बहुधा कापडावर चढवलेला पॉलियुरेथेन या प्लॅस्टिकचा पातळ थर. या प्लॅस्टिकची साखळी ज्या दुव्यांनी जोडलेली असते, त्यांतल्या काही जातींचे दुवे पाण्याने तुटतात. त्यासाठी वस्तू पाण्यात बुडावी लागत नाही, हवेतली ओल पुरते. दुवा तुटला की थोडं आम्ल तयार होतं, आणि ते आम्ल पुढचे दुवे आणखी जलद तोडतं. तुम्हाला हे ठाऊक आहे, फक्त नाव माहीत नाही. माळ्यावर ठेवलेल्या पर्सचे पापुद्रे निघतात ते हेच. दोन वर्षं न वापरलेले ट्रेकिंगचे बूट घालून सिंहगडाला निघावं आणि अर्ध्या वाटेत तळ सुटून यावा, तेही हेच. बूट झिजलेले नसतात. ते नुसते ठेवून ठेवून गेलेले असतात. माझ्या सैनिकाच्या कोपरावर आधी भेगा पडल्या, कारण मी त्याचा हात वाकवून ठेवला होता आणि ताणलेला थर आधी फुटतो.

हे पूर्ण थांबवता येत नाही. लांबवता मात्र नक्की येतं. त्याकडे वळण्याआधी बाकीचे तीन-चार शत्रू सांगतो, कारण त्यांची औषधं एकमेकांत गुंतलेली आहेत.

मऊ भाग, म्हणजे नळ्या, पट्टे, हातमोजे, कधी कधी केस, हे बहुधा पीव्हीसीचे असतात. पीव्हीसी मुळात कडक असतं. ते मऊ व्हावं म्हणून त्यात तेलासारखा पदार्थ मिसळतात. हा पदार्थ प्लॅस्टिकला बांधलेला नसतो, नुसता मुरलेला असतो, आणि वर्षानुवर्षं हळूहळू पृष्ठभागावर येत राहतो. मग फिगर चिकट लागते, तिच्यावर धूळ बसली की निघत नाही. कोमट पाणी आणि भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब घेऊन मऊ ब्रशने धुतलं की चिकटपणा जातो. रंगवलेल्या चेहऱ्याला आणि कापडाला ते पाणी लागू देऊ नका.

पण याहून वाईट गोष्ट म्हणजे हे तेल शेजारच्या प्लॅस्टिकमध्ये शिरतं. शाळेत कंपासपेटीत खोडरबर पट्टीला टेकून राहिलं की सुट्टीनंतर पट्टीवर वितळल्यासारखा खड्डा पडलेला असायचा, आठवतंय? खोडरबरातलं तेच तेल पट्टीला खात होतं. फिगरमध्ये मऊ पट्टा कडक चिलखताला वर्षभर दाबून बसला, किंवा बंदुकीची मऊ नळी पाठीवर टेकून राहिली, तर हाच खड्डा पडतो. खोक्यात ठेवताना फिगर आणि सुट्या वस्तू यांच्यामध्ये जो पातळ कागद किंवा प्लॅस्टिकचा तुकडा येतो, तो फेकू नका. तो उगाच दिलेला नसतो.

पांढरी आणि करडी चिलखतं एबीएस या कडक प्लॅस्टिकची असतात. ती जुन्या स्विचबोर्डासारखी पिवळी पडतात. उन्हातल्या अतिनील किरणांमुळे हे जलद होतं. पेरॉक्साइड लावून पुन्हा पांढरं करायची युक्ती लोक सांगतात. माझं मत स्पष्ट आहे: महागड्या फिगरवर ती करू नये. पिवळेपणा पुष्कळदा परत येतो, आणि आसपासचा रंग उडतो तो परत येत नाही.

चौथा शत्रू वजन. पुस्तकांनी फळी वाकते तशी मऊ प्लॅस्टिकची फिगर स्वतःच्या भाराने वाकते. एका पायावर झेप घेणारं पात्र सहा महिने तसंच ठेवलं, मध्ये एक एप्रिल-मे गेला, की घोट्यातून कलायला लागतं. उष्णतेने प्लॅस्टिक सैल होतं आणि भार त्याला खाली खेचतो. वाकलेला पीव्हीसीचा पाय गरम पाण्यात धरून सरळ करता येतो आणि लगेच थंड पाण्यात घातला की तसाच राहतो, पण आत सांधा, तार किंवा विजेची जोडणी असेल तर हा उपाय नको.

धातूच्या फिगरबद्दल फार सांगण्यासारखं नाही. जस्ताच्या मिश्रधातूत शिशाची भेसळ असली की जुनी खेळणी आतून तडकत, पण शुद्ध जस्त वापरायला लागल्यापासून तो रोग दुर्मीळ झाला आहे. आता धातूचा त्रास म्हणजे त्याचं वजन, ते सांध्यांवर येतं. डोळे किंवा छाती उजळणारी फिगर असेल तर बटणासारखे सेल काढून ठेवा. सेल गळला की आतला क्षार संपर्काच्या पट्ट्या खातो आणि दिवा कायमचा जातो. दाखवायचं असेल तेव्हा घालायचे, पाहुणे गेले की काढायचे.

आता उलट बाजूने बघा. १९८२ पासूनच्या हॅसब्रोच्या पावणेचार इंची सैनिकांमध्ये कमरेला रबराची एक कडी असे. आज अशा जुन्या फिगरमध्ये बहुधा कडक प्लॅस्टिक ठणठणीत असतं आणि रबर तुटलेलं असतं. कडी नवी घातली की सैनिक उभा. म्हणजे जो भाग साधा, कडक, खेळण्यासारखा दिसणारा, तो टिकतो. जो भाग खऱ्यासारखा मऊ, चामड्यासारखा, त्वचेसारखा, तो आधी जातो. जास्त पैसे आपण नेमके त्याच भागांसाठी मोजतो. म्हणून मी आता नवी फिगर घेताना पहिला प्रश्न विचारतो: याच्या अंगावर रेक्झिन किती आहे? अंगभर चिलखत असलेलं पात्र वीस वर्षं उभं राहील. अंगभर काळं रेक्झिन असलेलं पात्र घ्यायचंच असेल तर घ्या, त्यातल्या काही फिगर अतिशय देखण्या असतात, पण ती पुढे विकून पैसे काढू हा हिशेब सोडून द्या.

मग पुण्यात काय करायचं? मुंबईपेक्षा आपली हवा बरी, असं आपण म्हणतो. वर्षाची सरासरी घेतली तर ते खरं आहे. पण फिगर सरासरीत राहत नाही. एप्रिलच्या दुपारी इथली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली उतरते आणि ऑगस्टमध्ये दिवसच्या दिवस ८० च्या वर राहते. ही पावसाळ्यातली ओलच रेक्झिनला मारते. संग्रहालयांत साधारण ५० टक्क्यांच्या आसपास स्थिर ठेवायचा प्रयत्न असतो. घरात एवढं जमत नाही, पण काच नीट बसणारं कपाट, त्यात आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर आणि सिलिका जेल एवढ्याने बराच फरक पडतो. बुटांच्या खोक्यातल्या दोन पुड्या पुरणार नाहीत. रंग बदलणारे दाणे वाटीभर, जाळीच्या डब्यात घालून, मागच्या कोपऱ्यात ठेवायचे. रंग बदलला की ते ओलीने भरले. ओव्हनमध्ये मंद आचेवर सुकवले की पुन्हा कामाला येतात. निळे दाणे घेऊ नका, त्यांत कोबाल्टचा क्षार असतो, नारिंगी घ्या. मुलं असतील तर डबा हाताला लागणार नाही असा ठेवा.

कपाट मात्र पूर्ण हवाबंद करू नका. वर सांगितलेलं आम्ल, तेलाचा वास, नव्या प्लायवूडमधून निघणारी वाफ हे सगळं आतच कोंडलं तर काम बिघडतं. पावसाने उघडीप दिली, मीटर कपाटाबाहेर काढून बघितल्यावर ५५ च्या खाली दिसला, की दार अर्धा तास उघडं ठेवायचं. मी हे काम रविवारी सकाळी करतो.

कपाटात डांबरगोळ्या टाकायची आपल्याकडे सवय आहे. इथे ती मोडावी लागेल. त्या गोळ्यांची वाफ काही प्लॅस्टिकं मऊ करते आणि रंगही ओढते. आईने एकदा चांगल्या हेतूने दोन गोळ्या टाकल्या होत्या. वासावरून लवकर कळलं म्हणून वाचलो. कपाट देवघराशेजारी नको, कारण उदबत्तीची आणि निरांजनाची काजळी काचेवर बसते तशी फटीतून आतही जाते. स्वयंपाकघराला लागूनही नको. फोडणीची तेलकट वाफ धुळीला चिकटपणा देते, आणि मग ती धूळ पुसली की रंगासकट येते. पश्चिमेच्या खिडकीसमोर तर नकोच. खिडकीच्या काचेने सगळे अतिनील किरण अडत नाहीत. आणि वरच्या मजल्यावर राहत असाल तर रिकामी खोकी माळ्यावर ठेवा, फिगर नको. मे महिन्यात स्लॅबखालचा माळा भट्टीसारखा तापतो.

धूळ काढायला कॅमेऱ्याचा हातपंप आणि मेकअपचा मऊ ब्रश. ओलं फडकं नाही.

मांडणीबद्दल लिहिताना मला आवरतं घ्यावं लागेल, कारण तो माझा आवडता भाग आहे. नवा माणूस पहिली चूक करतो ती पोझमध्ये. प्रत्येकाला झेप, प्रत्येकाला गोळीबार. सगळी फळी एकाच वेळी ओरडते आणि कुणाकडेच नजर थांबत नाही. आपल्या मूर्तींनी हा प्रश्न केव्हाच सोडवला आहे. विठोबा समचरण उभा, दोन्ही पावलांवर सारखा भार, हात कटीवर. मुरलीधर त्रिभंगात, भार एका पायावर, कंबर एकीकडे, मान दुसरीकडे. जड चिलखतातला, रोबो, सेनापती यांना समचरण उभं करा. त्यांचं वजन दिसतं. चपळ पात्राला हलका त्रिभंग द्या: एक गुडघा किंचित मोडलेला, खांदे कंबरेच्या उलट कललेले, मान नजरेच्या दिशेला. दहा फिगरमध्ये एखादीच झेपेत असावी, तीही कमरेला स्टँडचा आधार देऊन. समचरण पोझ प्लॅस्टिकलाही सोसते, कारण भार दोन घोट्यांत वाटला जातो. मूर्तिकाराला दगडाचा घोटा तुटू द्यायचा नसतो आणि आपल्याला पीव्हीसीचा, विचार सारखाच.

खोली दाखवायची असेल तर पुन्हा किल्ल्याकडे जा. हुशार मुलं मोठे मावळे पायथ्याशी आणि लहान मावळे वर ठेवतात, आणि किल्ला एकदम उंच दिसायला लागतो. कपाटातही १:६ चा सैनिक पुढे आणि त्याच पात्राचं १:१८ चं यान मागे, जरा उंचावर ठेवलं, की दीड फुटाच्या फळीत मैलभर अंतर उभं राहतं.

उजेड फक्त वरून पाडू नका. भुवयांची सावली डोळ्यांवर पडते आणि ज्या डोळ्यांसाठी पैसे मोजले ते अंधारात जातात. एलईडीची पट्टी दाराच्या चौकटीला आतून, पुढच्या बाजूने उभी लावा. एलईडीतून अतिनील किरण जवळजवळ येत नाहीत, पण तिचा अडॅप्टर तापतो, तो कपाटाबाहेर असू द्या. रंग खरे दिसावेत म्हणून सीआरआय, म्हणजे उजेडात रंग किती खरे दिसतात त्याचा आकडा, ९० च्या वर असलेली पट्टी मागा. दुकानदार कपाळाला आठ्या घालेल, तरी मागा. आणि दिवा दिवसभर जळत ठेवू नका. संग्रहालयं रंगीत कापडाला ५० लक्सच्या वर उजेड देत नाहीत, म्हणजे मंद दिव्याच्या खोलीइतका. कापडाचा रंग उजेडाने उडतोच, दिवा कुठलाही असो.

पापुद्रे सुटलेलं जाकीट मी तसंच काढून मावशीकडे नेलं. तिच्या घरी बाळकृष्णाचे, गौरींचे कपडे तीच शिवते. तिने चष्मा लावून ते उलटसुलट पाहिलं, शिवण उसवून तुकडे कागदावर आखून घेतले आणि विचारलं, “रेक्झिनच हवं का याला?”

“नको. ते पुन्हा जाईल.”

“मग जुन्या छत्रीचं कापड घेते. पातळ आहे, काळं आहे, आणि पावसाची सवय आहे त्याला.” थोड्या वेळाने पुन्हा म्हणाली, “याचे हात वर होतात ना? मग सोपं आहे रे. बाळकृष्णाचा एक हात जमिनीला टेकलेला असतो, त्याला बाही घालणं म्हणजे दिव्य.”

आठ दिवसांनी जाकीट मिळालं. खालच्या दुमडीत तिने, मी न सांगताच, तांब्याची तार घातली होती.